अम्माच्या पावलांचा हिशेब

धाकटा भाऊ दम्मामला असतो. दीड-दोन वर्षांनी घरी येतो तेव्हा त्याच्या बॅगेतून काय निघणार हे आम्हा सगळ्यांना आधीच पाठ असतं. खजूर, झमझमची बाटली, मुलांना चॉकलेटं, बायकांना अत्तराच्या कुप्या आणि अम्मासाठी गुडघ्याला चोळायचं मलम. २०१८ च्या रमजान ईदला तो आला तेव्हा या सगळ्याच्या तळाशी एक लहान डबी होती. डबीत काड्यापेटीहून लहान, राखाडी रंगाची, पाठीला चिमटा असलेली वस्तू. समोर इवलासा काचेचा पडदा, त्यावर एक शून्य आणि खाली एक बटण.

अम्माने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, बटण दाबलं आणि परत देत म्हणाली, “ये तसबीह तो मेरेकने है.”

चूक तिची नव्हती. बोटात घालायची, आकडे दाखवणारी तसबीह हजहून आलेल्या शेजारणीने तिला दिली होती. तिच्यावरही असंच शून्य असतं, दाबलं की एकाने वाढतं. हे नवं यंत्र मात्र कितीही दाबलं तरी शून्यावरच बसून राहिलं. भावाने ते आपल्या पट्ट्याला अडकवलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि पडदा तिच्यासमोर धरला. छत्तीस.

“कदम गिनती ये मशीन, अम्मा. डॉक्टर बोले ना तुमकू चलने कू?”

अम्मा त्याच्याकडे बघतच राहिली. “कदम बी क्या गिनने की चीज है रे?”

पुढे जाण्याआधी एक खुलासा. या लेखात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटीच. आमचे मराठी स्नेही म्हणतात, ‘मी’ लिहा, मराठीत ते बरं दिसतं. पण आमची गोष्ट अशी की घरात आम्ही दखनी बोलतो, वर्गात पुस्तकी उर्दू शिकवतो आणि कागदावर मराठी लिहितो. वर्गातलं ‘हम’ जिभेवर असं बसलंय की लिहितानाही ‘आम्ही’च उमटतं. त्यात मोठेपणा नाही. उलट एकट्या बाईने ‘मी’ म्हणून काही सांगायचं म्हटलं की जरा धाकधूकच होते.

आमचं घर सोलापुरात, विजापूर वेशीच्या जवळ. अब्बा आम्ही दहावीत असताना गेले. आमचं डी.एड., नंतर नोकरी सांभाळून केलेलं बी.एड., भावाचं आयटीआय, दोन बहिणींची लग्नं, हे सगळं अम्माच्या सुपातून निघालं. सुपातून म्हणजे अक्षरशः. मांडीवर सूप, सुपात भिजवलेला तेंदूचा पाला, एका बाजूला तंबाखू, पत्र्याचा साचा, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. सोलापुरात ज्यांच्या घरात विड्या वळल्या गेल्या त्यांना हे वर्णन नको आहे, तो वासच पुरेसा आहे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. मजुरी हजारावर. अम्मा कधी शाळेत गेली नाही, पण पंचवीसचा पाढा आम्ही तिच्याकडूनच शिकलो.

हजार वळल्या म्हणजे हजारांचे पैसे मिळाले असं मात्र नसायचं. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलायचा, बोटांत फिरवायचा आणि बाजूला टाकायचा. ही सैल, ही आखूड, हिचं तोंड नीट दुमडलेलं नाही. याला म्हणायचे ‘छाट’. छाट काढून जे उरेल ते पुस्तकात लिहिलं जायचं. छाटीत गेलेल्या विड्यांचा पाला, तंबाखू आणि अम्माची बोटं कुणाच्या खात्यात जमा होत हे लहानपणी आम्हाला कळत नसे. एकदा आम्ही विचारलं होतं, की अम्मा, टाकलेल्या विड्या ते फेकून देतात का? अम्मा हसली होती. तेवढंच.

पंचेचाळीस वर्षं ती बाई जमिनीवर मांडी घालून बसली. सकाळी बसली की दुपारच्या अजानला उठायची. पुन्हा बसली की मगरिबला. म्हणजे आयुष्यभर राबली, पण बसून. आपल्या समाजात ‘बसून खाणं’ हा टोमणा आहे. ‘बसून मरणं’ यालाही काही शब्द असायला हवा होता.

साखर निघाली ती अशी. आदल्या वर्षी एकदा ती बाजारातून आली, तर एका पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठेतरी निसटली होती आणि तिला पत्ता नव्हता. आम्ही हसलो. तीही हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला जागोजाग टेकवून ‘लगा क्या?’ विचारत गेले. दहा जागांपैकी सहा ठिकाणी अम्माला काही लागलं नाही. तीन महिन्यांची साखर ९.८ निघाली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, अनवाणी फिरायचं नाही आणि रोज रात्री तळवे बघायचे, कारण जखम झाली तरी कळणार नाही. दुसरी, चालायचं. जेवणानंतर तर चालायचंच, कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून वापरतात. “रोज दस हजार कदम,” असं ते आमच्याकडे बघत म्हणाले. आम्ही मान डोलावली. अम्मा विचार करत होती ती हजाराचा.

भाऊ परत गेला आणि यंत्र खिडकीतल्या डब्यात पडलं. अम्मा हात लावेना. मग जुलैत शाळा जोरात सुरू झाल्यावर आम्हीच ते स्वतःला लावून बघायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, आजकाल मोबाईलच पावलं मोजतो. मोजतो, पण त्यासाठी तो अंगावर असावा लागतो. आमचा मोबाईल पर्समध्ये, पर्स स्टाफरूमच्या कपाटात आणि कपाटाची चावी हेडमास्तरांच्या खिशात. पंजाबी ड्रेसला खिसा नसतो. ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर पट्टा लावलेला साहेब असणार. आम्हाला पट्टा कुठला? शेवटी ते सलवारीच्या नाड्याला अडकवलं. ते आडवं व्हायचं, कधी निसटून पायात यायचं. फळ्यावर लिहिताना ते टपकन खाली पडलं आणि सातवीच्या अख्ख्या वर्गाने ‘बाजी, क्या गिरा?’ म्हणून विचारलं. काय सांगणार?

मग घड्याळजीकडे सेल बदलायला गेलो तेव्हा त्याने अशाच एका जुन्या, बंद पडलेल्या यंत्राचं पोट उघडून दाखवलं. आत स्प्रिंगवर तोललेला एक बारीक दांडा. पाऊल टेकलं की कमरेला जो हिसका बसतो त्याने दांडा खाली येतो, टोकाला टेकतो आणि आकडा एकाने वाढतो. बस, इतकंच. म्हणजे ते पाऊल मोजतच नाही, हिसका मोजतं. म्हणून जुनं यंत्र उभंच राहायला हवं, आडवं झालं की दांडा हलत नाही. आमच्या यंत्रात दांड्याऐवजी हालचाल ओळखणारा सूक्ष्म तुकडा होता, तो तिरपा चालतो. पण मोजायचा तोही हिसकाच.

आमचे आकडे आले ते डोळे उघडणारे होते. आम्ही समजत होतो की दिवसभर उभं राहून शिकवतो म्हणजे भरपूर चालतो. शाळेत रिक्षाने गेलो त्या दिवशी रात्री झोपताना आकडा होता ४,११०. उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, हे बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. शाळा घरापासून सव्वादोन किलोमीटर. एका बाजूला साडेतीन हजारांच्या आतबाहेर पावलं. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही शेअर रिक्षा सोडली.

आता मोहल्ल्यातून बाईने पायी जाणं वेगळं आणि ‘चालायला’ जाणं वेगळं. हातात पिशवी असली, लेकरू असलं, दवाखान्याची फाईल असली की कुणी काही विचारत नाही. शाळेची पर्स खांद्याला असली तरी चालतं. पण रविवारी सकाळी रिकाम्या हाताने निघालो तर कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून खालाजानपर्यंत तीन ठिकाणी थांबून सांगावं लागलं की कुठे निघालो. कुठेच नाही, असं उत्तर देता येत नाही. म्हणून पहिले दोन महिने आम्ही रिकामी पिशवी घेऊन चाललो. सिद्धेश्वर तलावापर्यंत जायचं, किल्ल्याच्या भिंतीकडे बघत एक चक्कर मारायची आणि येताना कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची. त्या दोन महिन्यांत घरात इतकी कोथिंबीर झाली की विचारू नका.

यंत्र वर्गातही नेलं. सातवीला ‘औसत’, म्हणजे सरासरी शिकवायची होती. पुस्तकातल्या क्रिकेटच्या धावांपेक्षा हे बरं. रोज एका मुलाने यंत्र घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आकडा फळ्यावर लिहायचा. पहिल्याच आठवड्यात मुलांनी शोध लावला की बाकावर बसून यंत्र हातात हलवलं की आकडा पळतो. मग हलवणं हराम ठरवलं गेलं. एका मुलीचा आकडा निघाला १७,०००च्या वर. आम्हाला वाटलं, हिनेही हलवलं. चौकशी केली तर सार्वजनिक नळावरून पाणी, धाकट्या भावाला बालवाडीत सोडणं, आईच्या विड्या कारखान्यात देणं, संध्याकाळी मदरसा. तिने काही हलवलं नव्हतं. त्या दिवसापासून ती गृहपाठ न करता आली तर आमचा हात रजिस्टरकडे जरा हळूच जातो. आणि बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात एका पठ्ठ्याने २२,३०० लिहिले. छाती फुगवून. पोरं खोदून खोदून विचारू लागली तेव्हा कबूल झाला, की यंत्र त्याने बकऱ्याच्या गळ्यात बांधलं होतं. आम्ही त्याला सांगितलं, चारने भाग दे. वर्गात इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले. पण भागाकार सगळ्यांचा बरोबर आला.

दहा हजार हा आकडा आला कुठून, असा प्रश्न एका मुलीने विचारला. आम्हाला माहीत नव्हतं, नंतर शोधून वाचलं. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये तिथल्या यामासा नावाच्या घड्याळांच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं ‘मान्पो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं. आधी नाव, मग जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी तोच आकडा. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय बहात्तर. त्यात दिसलं की दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला.

आम्ही हे अम्माला सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. “हजार बीडी कोन ठैराया? वैसाच,” ती म्हणाली.

पण तो पुढचा भाग झाला. अम्मा चालू लागली ती त्याच्या आधी, २०१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी. बकऱ्याची गोष्ट आम्ही घरी सांगितली त्या रात्री ती पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, “ला, मेरेकू लगा. बकरा चल्या तो मैं नै चलती क्या?”

पहिल्या दिवशी ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि आली. दोनदा. शिवाय दिवसभर घरातलं चालणं. संध्याकाळी पडद्यावर आकडा होता ३१२. दुसऱ्या दिवशी तिने जास्त चालायचं ठरवलं, दर्ग्यापर्यंत जाऊन आली, दम लागला. आकडा ४९०. आम्ही शिक्षक. आमच्या तोंडून निघून गेलं, “अम्मा, और कोशिश करो.” तिने काही म्हटलं नाही. चार-पाच दिवस ती चालत राहिली, आकडा पाचशेच्या आसपास रेंगाळत राहिला आणि सहाव्या दिवशी तिने यंत्र काढून आमच्या हातात दिलं.

“ये मशीन बी छाट निकालती,” ती म्हणाली.

आम्हाला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, गल्लीच्या तोंडापर्यंत जायला किती पावलं लागतात ते तिला माहीत आहे, ती मोजते. आयुष्यभर मोजतच आली आहे, बोटं काम करत असतात आणि आत मोजणी चालू असते. एकशे साठ जायला, एकशे साठ यायला. दोन फेऱ्यांचे सहाशे चाळीस. यंत्राने सगळ्या दिवसाचे दिले तीनशे बारा. “आदे फेक दिया.”

रविवारी आम्ही तिच्या शंभर मण्यांच्या तसबीहवर परीक्षा घेतली. ती चालायची, आम्ही बाजूने एका पावलाला एक मणी सोडायचा. मणी संपले तेव्हा यंत्रावर होते ४१. मग तेच यंत्र आम्ही लावलं आणि आमच्या चालीने चाललो. ९८. पुन्हा अम्मा, यंत्र नव्याने घट्ट बसवून. ३८.

त्या ‘और कोशिश करो’ची आम्हाला जी लाज वाटली ती आजही वाटते. दोष यंत्राच्या बांधणीत होता आणि तो ठाऊक असलेला दोष आहे. अशी कमरेची यंत्रं ताशी तीन किलोमीटरहून मंद चाल असली की बरीच पावलं गाळतात. म्हातारं माणूस पाऊल उचलत नाही, सरकवतं. त्यात बधिर तळवे. कमरेला हिसका बसतच नाही, मग यंत्राच्या लेखी पाऊल पडलंच नाही. शिवाय काही यंत्रं सलग चार-पाच सेकंद चालल्याशिवाय मोजायलाच सुरुवात करत नाहीत, म्हणजे खुर्चीवर हलल्याचे वगैरे खोटे आकडे येऊ नयेत. हेतू चांगला आहे. पण आमच्या घरात चुलीपासून मोरीपर्यंत पाच पावलं, मोरीपासून खाटेपर्यंत सात. बाईचा सगळा दिवस अशा पाच-सात पावलांचाच असतो.

घोट्याला बांधून पाहिलं. विडीच्या दोऱ्यानेच बांधलं. तिथे पायाची हालचाल जास्त, शंभराला ८६ आले. पण अम्मा खाली बघून म्हणाली, “इस उमर में पैंजन?” आणि गल्लीतल्या पोरींना हसू आवरेना. पैंजण दोन दिवसांत उतरलं.

याच सुमारास शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात आम्हाला नैनसिंग रावत भेटले. कुमाऊंच्या डोंगरातल्या मिलम गावचे. आमच्यासारखेच शाळामास्तर, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता आणि तिथे परक्याला शिरकाव नव्हता. म्हणून या मास्तरांना डेहराडूनला शिकवून, यात्रेकरूच्या वेशात पाठवलं. पाऊल सारख्या लांबीचं टाकायची सवय करवली, चढ असो की उतार, मैलाला सुमारे दोन हजार. हातात जपमाळ दिली. जपमाळेत १०८ मणी असतात, यांच्या माळेत १०० होते. दर शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. १८६५-६६ मध्ये ते असे ल्हासापर्यंत गेले आणि आले. त्यांच्याही आधी, १८६३ मध्ये, मोहम्मद-इ-हमीद नावाच्या एका मुन्शीला याच खात्याने यारकंदला धाडलं होतं. तो पोहोचला, पण परतीच्या वाटेवर वारला. त्याचं नाव आमच्या मुलांच्या पुस्तकात नाही. नैनसिंगांचंही कुठे असतं म्हणा.

शंभर मणी, मण्याला शंभर पावलं. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार. जपानी घड्याळवाल्यांच्या शंभर वर्षं आधी. वर्गात आम्ही हा गुणाकार फळ्यावर लिहिला तेव्हा बकरावाला मुलगा म्हणाला, “बाजी, उनो हलाए नै रैंगे ना?” आम्ही सांगितलं, नाही बाळा, त्यांना पगार बरोबर नकाशाचा मिळणार होता.

अम्माला ही गोष्ट फार आवडली. विशेष करून माळेतले आठ मणी गुपचूप काढले हे. तिने विचारलं, त्या मास्तरला कुणी छाट काढत होतं का? आम्ही म्हटलं, मोजलेला आकडाच त्याचा माल होता अम्मा, त्याच्यावर साहेबांनी विश्वास ठेवला. ती बराच वेळ गप्प होती.

२०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, मशिदी बंद, शाळा बंद, विडी कारखाने बंद. पाला येईना. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अम्माच्या मांडीवर सूप नव्हतं. साठी उलटली तरी ती सवयीने दिवसाला चार-पाचशे विड्या वळत होती, आता तेही थांबलं. तिची बोटं नुसतीच हलायची. साखरेवाल्यांना या आजाराचा धोका जास्त, असं टीव्हीवर सांगायचे आणि आम्ही टीव्ही बंद करायचो. गल्लीत पत्रे लागले. डॉक्टरांकडे जाण्याचीही भीती. गोळ्या होत्या, पण चालणार कुठे?

गच्चीवर. आमची गच्ची ती केवढी, पाण्याची टाकी वगळली तर दोन खाटा मावतील एवढी. अम्माने एक फेरी मोजली, चौतीस पावलं. मग हातात तसबीह. एका फेरीला एक मणी. फजरनंतर पन्नास, असरनंतर पन्नास. एप्रिल-मेमधल्या सोलापूरच्या उन्हात मधल्या वेळात गच्चीवर पाय टेकवत नाही आणि तिच्या पायांना तर भाजलं तरी कळलं नसतं. म्हणून आम्ही दोन वेळा तळवे बघायचो. ती भिंतीला एक हात लावून फिरायची, आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायचो. त्या दिवसांत खालच्या गल्लीतून कुणाच्या ना कुणाच्या घरची बातमी यायची. ज्यांच्या जनाज्याला जाता आलं नाही अशी माणसं. अम्मा फेरी थांबवायची, दुआ मागायची आणि मणी त्याच जागी चिमटीत धरून ठेवायची, म्हणजे मोजणी चुकू नये.

कमरेला यंत्रही असायचंच. आम्ही म्हटलं, आता कशाला ते? ती म्हणाली, राहू दे. दोन-चार दिवसांनी तिने ट्रंकेतून कारखान्याचं एक जुनं पुस्तक काढलं, ज्याची मागची पानं कोरी होती. अक्षरं तिला येत नाहीत, आकडे येतात. तिने आम्हाला तीन उभ्या रेघा आखायला लावल्या. पहिल्या रकान्यात यंत्राचा आकडा, दुसऱ्यात तसबीहचा. तिसऱ्यात वजाबाकी. तिसऱ्याला नाव काय देऊ विचारलं तर म्हणाली, छाट.

सप्टेंबरमध्ये आम्हाला घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम लागलं. ऑक्सिजन आणि ताप मोजत दिवसाला चौदा-पंधरा हजार पावलं व्हायची. रात्री आल्यावर आधी अंघोळ, मग लांबूनच अम्माला आकडा सांगायचा. ती आमचाही आकडा त्याच पुस्तकात लिहायला लावायची, वेगळ्या पानावर. जाळी लावलेल्या दारांसमोर उभं राहून ‘घर में कित्ते लोगां?’ विचारताना आम्हाला रोज वाटायचं, आजारपण आज आपल्या पावलांनी घरी जाणार. ते आलं नाही. शेजारच्या घरात गेलं.

डिसेंबरात रक्त तपासलं, तीन महिन्यांची साखर ७.४. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी काम केलं, चालण्यानेही केलं. तळव्यांची बधिरता मात्र तशीच आहे, ती परत येत नाही. आम्ही त्यांना पुस्तक दाखवलं. त्यांनी पहिला रकाना बघितला, दुसरा बघितला आणि विचारलं की तिसरा कशाचा? अम्मा आमच्याकडे बघून गालात हसली, आम्ही काही बोललो नाही.

पाला पुन्हा येऊ लागला तेव्हा अम्माने थोड्या विड्या वळल्या, मग स्वतःच सोडून दिलं. सूप आता लसूण सोलायला आहे. भावाने गेल्या ईदला मनगटावर बांधायचा पट्टा पाठवला, त्यात झोपही मोजली जाते म्हणे. तो आमची मुलगी घालते. राखाडी यंत्राचा चिमटा तुटलाय, तो रबराने बांधलाय. सेल दोनदा बदलला. पुस्तकाची पानं संपली, तर आम्ही शाळेतली दुरेघी वही दिली आणि तीन रकाने पुन्हा आखले.

परवा जुम्याच्या दिवशी भावाचा व्हिडिओ कॉल आला. गच्चीवरून उतरून अम्मा नुकतीच बसली होती. तो विचारतो तसं त्याने विचारलं, “कित्ते हुए, अम्मा?”

“मशीन के चौदा सौ बीस,” अम्मा म्हणाली. “मेरे चौंतीस सौ.”

“फिर सही कौनसे?”

अम्माने त्याला उत्तर दिलं नाही. वही आमच्याकडे सरकवली आणि बोट दुसऱ्या रकान्यावर ठेवलं. आम्ही आधी तिथे लिहिलं, ३,४००.